निवड कोणाच्या हाती? – ‘लाउदातो सी’चे बीडमधून वाचन

एखाद्या ग्रंथाची पारख तो कोणी लिहिला यावरून जशी होते, तशीच तो कोठे वाचला जातो यावरूनही होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर २४ मे २०१५ ही तारीख असून १८ जून २०१५ रोजी ते जगापुढे आले. त्या वर्षी मराठवाड्याकडे पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी आणावे लागले. आणि शेजारच्या आपल्या बीड जिल्ह्यात टँकरची वाट पाहणे हा गावोगावचा दिनक्रम होऊन बसला. सृष्टीच्या जपणुकीविषयीचा हा ग्रंथ आपल्या हाती आला तो अशा कोरड्या दिवसांत. त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली. आता केवळ गौरव पुरे. त्याची समीक्षा व्हावी, असे आम्हांस वाटते.

धर्मगुरूने पोपमहोदयांच्या परिपत्रकाची समीक्षा करावी काय, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर ग्रंथातच आहे. हे परिपत्रक केवळ ख्रिस्तसभेला उद्देशून नाही. पृथ्वी या सामाईक घरात राहणाऱ्या प्रत्येकाशी त्याला संवाद करावयाचा आहे. ज्याला संवाद हवा असतो त्याला प्रश्नही हवे असतात. आदराने विचारलेला प्रश्न हा श्रद्धेचाच एक भाग होय.

प्रथम ग्रंथाचे स्वरूप पाहू. सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद असा त्याचा विस्तार आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी आठशे वर्षांपूर्वी रचलेल्या सृष्टिस्तोत्रातून त्याचे नाव घेतले आहे. भाषा शांत आहे, पण मिळमिळीत नाही. हवामान, पाणी, कचरा, जीवजातींचा ऱ्हास यांची स्थिती प्रथम मांडावयाची, मग शास्त्रवचनांच्या प्रकाशात तिचा अर्थ लावावयाचा आणि शेवटी कृतीकडे वळावयाचे, अशी त्याची रचना. धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन नसून एकच आहेत, हे त्याचे मुख्य सूत्र. पिण्याचे शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे ते निःसंदिग्धपणे सांगते. मराठवाड्यातील वाचकाला एवढ्या एका विधानासाठीही हा ग्रंथ आपला वाटावा.

मात्र ग्रंथातील जो भाग सर्वांत लोकप्रिय झाला तो वेगळाच. २११ व्या परिच्छेदात पोपमहोदय रोजच्या जगण्यातील लहान कृतींची एक यादी देतात. प्लास्टिक व कागद कमी वापरावा, पाणी जपावे, कचरा वेगळा करावा, खाऊन संपेल एवढेच शिजवावे, मुक्या जीवांची काळजी घ्यावी, सार्वजनिक वाहनाने किंवा एका गाडीतून अनेकांनी प्रवास करावा, झाडे लावावीत, नको असलेले दिवे मालवावेत. भित्तिपत्रकांवर, प्रायश्चित्तकाळाच्या पत्रकांवर, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत ही यादी पोहोचली. ती सोपी आहे, स्वच्छ आहे आणि कोणाला दुखवीत नाही. आमची समीक्षा नेमकी याच यादीपासून सुरू होते.

ही यादी पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या वस्तीवर वाचून पाहावी. पाणी जपून वापरा, हे तेथील बाईला सांगावयाचे तरी कोणत्या तोंडाने? डाळ-तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी जनावरांपुढे, हा तिचा नित्याचा हिशोब. अन्न ती वाया घालवीत नाही, कारण वाया जाण्याइतके ते नसतेच. तिचा प्रवास एस.टी.चा, नाहीतर पायांचा. दिवा मालवण्याची आठवण तिला वीजमंडळच करून देते. उपाशी राहून गाय जगविणारी घरे तर २०१९ च्या चारा छावण्यांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. म्हणजे परिपत्रकाची यादी ही बाई तंतोतंत पाळते. तरी तिला कोणी पर्यावरणाची सेविका म्हणत नाही, आणि तिलाही त्यात काही पुण्य केल्यासारखे वाटत नाही. का? कारण त्यात तिने काही निवडलेले नाही. ते तिच्या वाट्याला आलेले आहे.

येथे ग्रंथातील पहिली उणीव हाती लागते. लहान लहान करुणामय निवडींची ही शिकवण ज्याच्या हाती निवड आहे अशा वाचकाला गृहीत धरते. नळ सोडावा की बंद करावा, गाडी काढावी की बसने जावे, हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहतो त्याच्यासाठी ती यादी आहे. ज्याच्यापुढे तो उभाच राहत नाही, त्याच्याशी ती काय बोलते?

बीडमधील निवड कशी असते ते ऊसतोडीच्या व्यवहारात दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’; एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत ही जोडी बांधलेली. एखादा दिवस काम चुकले की तो ‘खाडा’, आणि त्याचा दंड उचलीतून वाढत जातो. ही उचल बहुधा पावसाळ्यात घेतलेली असते. पेरणी साधली नाही, दुबार पेरणी करावी लागली, लेकीचे लग्न ठरले, दवाखाना निघाला, अशा वेळी. पाऊस जितका बेभरवशाचा तितकी उचल मोठी. हवामानबदल हा शब्द ज्याने कधी ऐकला नाही, त्याच्या अंगठ्याखाली तो असा येऊन बसतो.

या घरांपुढेही निवड असते. ती अशी : धाकट्याला बरोबर न्यावे की म्हाताऱ्या आजीपाशी ठेवावे? थोरलीची शाळा चालू ठेवावी की भावंडे सांभाळायला तिला फडावर न्यावे? म्हाताऱ्यांच्या औषधाला पैसे ठेवावेत की किराण्याला? हिला निवड म्हणावे काय, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. या विस्तृत ग्रंथात बाईच्या श्रमाला आणि बाईच्या शरीराला स्वतंत्र जागा जवळजवळ नाहीच. १५५ व्या परिच्छेदात शरीराचा विचार येतो. आपले शरीर ही देवाची देणगी म्हणून स्वीकारावी, त्याच्यावर हवी तशी सत्ता गाजवू नये, कारण शरीराकडे पाहण्याची दृष्टीच पुढे सृष्टीकडे पाहण्याची दृष्टी होते, असा त्याचा आशय. विचार थोर आहे. पण २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा काय दिसले? जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, आडोसा नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढावे लागते, डॉक्टर भीती घालतो. अशा अनेक दोऱ्यांचा तो फास होता. या बाईने शरीरावर सत्ता गाजविली, असे कोण म्हणेल? तिच्या शरीरावर इतर सर्वांनी सत्ता गाजविली : पावसाने, उचलीने, बाजाराने आणि दवाखान्यानेही. परिपत्रकाने सृष्टी आणि शरीर यांचे नाते ओळखले. मात्र त्या नात्यात दारिद्र्य शिरले की काय होते, हे त्याला सांगता आलेले नाही. ते बीडने सांगितले.

मग हा ग्रंथ आपल्या कामाचा नाही काय? तसे मुळीच नाही. उलट, ग्रंथाचा उत्तरार्ध नीट वाचला तर त्यानेच आपल्या यादीची मर्यादा ओळखली आहे असे दिसते. २१९ व्या परिच्छेदात पोपमहोदय म्हणतात की एकेकट्याने स्वतःला सुधारून हा गुंता सुटणारा नाही. सामाजिक दुखण्याला समाजाचे एकत्र बळ लागते. त्याआधी १७९ व्या परिच्छेदात ते आणखी स्पष्ट आहेत. गावापासून देशापर्यंतच्या सत्तेवर जोवर नागरिकांचा अंकुश नाही, तोवर सृष्टीची हानी थांबविता येणार नाही, असा त्याचा सारांश आहे. २३१ व्या परिच्छेदात प्रेमालाच ते नागरी आणि राजकीय म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘लाउदाते देउम’ या लहान पत्रात त्यांनी हा हिशोब पुरा केला : खरे उपाय मोठ्या राजकीय निर्णयांतूनच यावयाचे आहेत, घरोघरच्या लहान प्रयत्नांनी आकडे फारसे हलणार नाहीत, पण त्यांतून नवी संस्कृती घडते आणि तिच्याशिवाय मोठे निर्णयही टिकत नाहीत.

म्हणजे ग्रंथात दोन सूर आहेत, दिवा मालवण्याचा आणि सत्तेवर अंकुश ठेवण्याचा. भित्तिपत्रकांवर पहिला चढला, दुसरा पानांतच राहिला. त्याचे कारण उघड आहे. दिवा मालवल्याने कोणी शत्रू होत नाही. ग्रामसभेत उठून प्रश्न विचारला की होतो.

या दुसऱ्या सुराची किंमत काय असते, हे सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. केज तालुक्यातील मस्साजोगच्या शिवारात एका पवनऊर्जा प्रकल्पाच्या जागेवर ६ डिसेंबर २०२४ रोजी एका सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख धावून गेले आणि मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांचे अपहरण करून अत्यंत क्रूरपणे त्यांची हत्या करण्यात आली. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे; ते आम्ही करणार नाही. पण घटनेचा अर्थ लावण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे. वाऱ्यापासून वीज, म्हणजे हवामानाच्या संकटावरचा एक चांगला उपाय, गावात आला. त्याच्या पाठोपाठ, तपासातून पुढे आले त्याप्रमाणे, खंडणीची मागणीही आली. पात्यांनी वारा स्वच्छ होईल. पण ती पाती जेथे फिरतात तेथे लोकांनी निवडून दिलेला माणूस सुरक्षित नसेल, तर त्या स्वच्छतेला अर्थ किती उरतो?

‘फ्रातेल्ली तुत्ती’ या २०२० च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याचे विस्तृत विवेचन केले आहे. ते आम्ही अनेकदा वाचले आहे, आणि मस्साजोगनंतर ते वेगळे वाटते. दाखल्यातील शोमरोनी पोहोचतो तेव्हा लुटारू निघून गेलेले असतात. त्याला तेल आणि द्राक्षारस पुरतो, गाढव पुरते, दोन नाणी पुरतात. पण लुटारू अजून रस्त्यावरच आहेत, मार चालू आहे, अशा वेळी जो पोहोचतो त्याने काय करावे? तेथे करुणेला धैर्याची जोड लागते; आणि ते धैर्य एकट्याचे असले तर त्याचा बळी जातो. त्याच परिपत्रकात पोपमहोदयांनी एक साधा दृष्टांत दिला आहे. म्हाताऱ्याला हात धरून नदी पार करून देणे हे प्रेम. आणि कारभाऱ्याने त्या नदीवर पूल बांधणे हेही प्रेमच. आम्ही त्यात एवढेच जोडतो की जो पूल बांधावयास निघतो, त्याच्या पाठीशी गाव उभे राहणे हेही प्रेमच.

उभे राहणारे गाव मात्र आज जातीजातींत चिरले जात आहे, आणि लोकशाहीला या जिल्ह्यात असलेला धोका केवळ बंदुकीचा नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमुक जातीच्या दुकानातून माल घेऊ नका, अशी आवाहने येथे फिरली. मार्च २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या नामफलकांवरून आडनावे वगळली आणि केवळ पहिली नावे ठेवली. समोरचा माणूस आडनाव वाचून न्यायाची अपेक्षा ठरवू लागला, म्हणून हे करावे लागले. ७ जुलै २०२४ रोजी इटलीतील त्रिएस्त येथे बोलताना पोपमहोदयांनी लोकशाहीची प्रकृती ठीक नसल्याचे सांगितले होते आणि बेफिकिरी हा तिला जडलेला दुर्धर रोग असल्याचे निदान केले होते. बीडपुरते त्यात भर घालून म्हणावेसे वाटते की येथे बेफिकिरीइतकेच अबोलाही घातक ठरत आहे.

येथे २११ व्या परिच्छेदातील यादी पुन्हा हाती घ्यावी. तिच्यात नसलेल्या काही गोष्टी आपण लिहू शकतो. कोणाच्या हॉटेलात चहा घ्यावयाचा, कोणाच्या दुकानातून किराणा आणावयाचा, कोणाच्या लग्नाला आणि कोणाच्या मयतीला जावयाचे, या आजच्या बीडमधील रोजच्या निवडी आहेत. त्या आपल्या हाती आहेत, त्यांना पैसा लागत नाही आणि त्यांच्यावर लोकशाही उभी आहे किंवा पडत आहे. आपला ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. कोणत्याही गटाच्या मोजणीत तो नाही. हे दुबळेपण मानू नये. ज्याला दोन्ही वाड्यांत चहा मिळतो, तो निरोप्या होऊ शकतो.

ग्रामसभेच्या बळाचे उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे आपल्यासारखेच पर्जन्यछायेतील गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, ऊस आणि केळी लावावयाची नाही, असे स्वतःवर बंधन घातले. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. राज्याच्या पिकाखालील जमिनीत उसाचा वाटा लहान, पण सिंचनाच्या पाण्यातील वाटा फार मोठा आहे. हे ज्याला ठाऊक आहे त्याला या ठरावाचे मोल कळेल. ज्यांच्या हाती निवड होती त्या बागायतदारांनी ती थोडी आखडती घेतली आणि ज्यांच्या विहिरीला पाणी नव्हते त्यांना निवड मिळाली. करुणेची आमची व्याख्या यापेक्षा वेगळी नाही : आपल्या हातातील निवडीचा काही भाग दुसऱ्याच्या हाती जाऊ देणे.

मराठी वाचकाला या संदर्भात व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. १९५५ मधील ही कादंबरी माणदेशातील धनगरांच्या एका वाडीची. तेथील तरुण मास्तर शाळा तर चालवितोच, पण लोकांची बारीकसारीक कामेही अंगावर घेतो. पुढे दुष्काळ पडतो आणि मेंढरे घेऊन वाडी एकेक करून निघून जाते. मास्तरची एकही भली कृती पाऊस आणू शकलेली नाही. तरीही ती कृत्ये व्यर्थ होती, असे कादंबरी कोठेही सुचवीत नाही. परिपत्रकाला जे सिद्धांताने सांगावे लागते, ते माडगूळकरांनी रिकाम्या वाडीतून सांगितले. पण तेथेही एक रिकामी जागा आहे, आणि ती काळाची आहे : संस्थानी राजवटीतील त्या वाडीला गाऱ्हाणे मांडावयास राजा होता, ग्रामसभा नव्हती. ग्रामसभेला राज्यघटनेने स्थान दिले ते १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या दुरुस्तीने. बनगरवाडीजवळ जे नव्हते ते आपल्याजवळ आहे. म्हणून निघून जाणाऱ्या वाडीकडे पाहत हळहळणे एवढ्यावर आपली सुटका नाही.

एकंदरीत आमचा निष्कर्ष असा. ‘लाउदातो सी’ हा आपल्या काळातील मोठा ग्रंथ आहे. परंतु बीडमध्ये तो शेवटाकडून वाचावा लागतो. सत्तेवरील नागरिकांच्या अंकुशाचा १७९ वा परिच्छेद आधी आणि दिवे मालवण्याचा २११ वा नंतर, या क्रमाने वाचला तर यादीतील प्रत्येक लहान कृतीला दिशा मिळते. मग पाणी जपणे म्हणजे केवळ आपला नळ बंद करणे राहत नाही; टँकर शेवटच्या वस्तीपर्यंत जातो की नाही, हे विचारणेही त्यात येते. अन्न वाया न घालविणे म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्याच्या मागे राहिलेल्या मुलाचे ताट आपल्या घरात मांडणे आणि त्याचे नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत आहे काय, हे शाळेत जाऊन पाहणे. फडावरून दुखणे घेऊन आलेल्या बाईला दवाखान्यात एकटी न पाठविता तिच्याबरोबर जाणे आणि शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय तिला अंगठा उठवू न देणे. आणि वर्षातून जेवढ्या वेळा ग्रामसभा भरते तेवढ्या वेळा, सणाच्या मिस्साला जावे तसे, सहकुटुंब जाणे; प्रश्न विचारणारा एकटा पडणार नाही एवढे पाहणे.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात आभाळ फाटले. टँकरची सवय झालेल्या आष्टीसारख्या तालुक्यात माणसे पुरात अडकली, सिंदफणेने काठची शेते खरवडून नेली. दुष्काळ आणि पूर आता पाळीपाळीने येणार; त्यासाठी घरे आणि गावे एकत्र असावी लागतील. फुटलेल्या गावाला पूर आणि दुष्काळ दोन्ही सारखेच.

परिपत्रकाच्या अखेरच्या भागात पोपमहोदय पवित्र मिस्सेकडे वळतात आणि सारी सृष्टी त्या वेदीशी जोडतात. अर्पणाच्या वेळी आपण भाकर देवापुढे ठेवतो ती भूमीचे फळ आणि माणसाच्या श्रमाचे फळ म्हणून. त्या श्रमांत कोयता धरणारे हातही आहेत. ते हात पुढल्या हंगामात कोठे असतील, हे ठरविण्याचा हक्क त्यांचा त्यांना मिळावा, यासाठी आपण काय सोडावयास तयार आहोत, एवढाच प्रश्न या ग्रंथाने आपल्यापुढे ठेवला आहे.